मोठ्या शहरात फिरायला जाताय? हॉटेल नंतर बघा, आधी एरिया पक्का करा

बुकिंगचं अ‍ॅप उघडायचं, तारखा टाकायच्या, स्वस्त ते महाग अशी लिस्ट लावायची आणि फोटो बरे दिसले की बुक करून मोकळं व्हायचं, बहुतेक जण असंच करतात. छोट्या गावात हे चालून जातं कारण तिथे कुठेही उतरलात तरी सगळं हाकेच्या अंतरावर असतं. लंडन, टोकियो, इस्तंबूल, न्यूयॉर्क असल्या शहरांत मात्र खोली कितीही झकास असली तरी एरिया चुकला की रोजचा दिवस त्या जाण्यायेण्यातच संपतो. खोलीत आपण झोपण्यापुरतेच असतो हो, पण त्या एरियाशी रोज सकाळ संध्याकाळ गाठ असते.

तर माझं मत आधीच सांगून टाकते, बाकीचं सगळं त्यावरूनच येतं. सकाळी कसं निघणार याच्यापेक्षा रात्री कसं परत येणार ते बघून एरिया ठरवा. सकाळी आपण ताजेतवाने असतो, दोन ट्रेन बदलायला लागल्या, पंधरा मिनिटं चालायला लागलं तरी काही वाटत नाही, उलट मजाच येते. पण दिवसभर पायपीट करून, हातात पिशव्या, फोनची बॅटरी संपत आलेली, कदाचित पाऊस पडतोय, सोबतचं पोर झोपेला आलंय, अशा वेळी स्टेशनपासून दारापर्यंतचा रस्ता कसा आहे यावर तुमची अख्खी ट्रिप कशी जाते ते ठरतं. परत यायला त्रास व्हायला लागला की माणूस तिसऱ्या दिवसापासून संध्याकाळी लवकर परतायला लागतो आणि ज्या शहरासाठी एवढा खर्च करून आलो त्याच्या संध्याकाळी बघायच्याच राहून जातात.

आता सुरुवात कुठून करायची. हॉटेलपासून नाही, मॅपपासून. तुम्हाला जिथे जिथे नक्की जायचंय त्या सगळ्या जागा फोनच्या मॅपवर सेव्ह करा, म्युझियम, बागा, बाजार, कोणाला भेटायचं असेल तर त्यांचं घर, कामाला चालला असाल तर ते ऑफिस. मग मॅप झूम आउट करून नुसतं बघा. बहुतेक वेळा या खुणांचे एकदोन घोळके झालेले दिसतात आणि एखाददोन खुणा एकदम लांब कुठेतरी एकट्या पडलेल्या असतात. त्या एकट्या खुणेसाठी एरिया निवडू नका, तिथे एक दिवस लांबचा प्रवास करून जाऊन या. घोळका जिथे आहे तिथे किंवा तिथे थेट जाणाऱ्या एखाद्या लाइनवर रहायचं. संध्याकाळी जिथे जास्त वेळ घालवणार आहात त्या खुणा वेगळ्या रंगात ठेवल्या तर अजून चांगलं, कारण शेवटी परत यायचंय तिथूनच.

इथे सेंटरचा घोळ समजून घ्या. बुकिंगच्या साइटवर लिहिलेलं असतं सेंटरपासून ५ किमी, आणि ते अंतर साधारण सरळ रेषेत मोजलेलं असतं, रस्त्याने नाही. शिवाय प्रत्येक शहरात ५ किमीचा अर्थ वेगळा. मूळ पॅरिस शहर साधारण १०५ चौरस किमीचं आहे म्हणजे मधून ५ किमी गेलात की जवळजवळ शहराची हद्द येते, आणि ग्रेटर लंडन १,५०० चौरस किमीच्या वर, तिथे ५ किमी म्हणजे अजून शहराच्या पोटातच आहात. लॉस एंजेलिससारख्या शहराला तर एक असं सेंटरच नाही, डाउनटाउनला राहून समुद्रावर जायचं म्हटलं तर सांता मोनिका पंचवीसेक किमी लांब, तिथे आपल्या खुणा कुठल्या बाजूला जास्त आहेत एवढंच बघायचं. त्यामुळे सेंटर हा शब्द सोडून द्या आणि किमी पण सोडून द्या, मिनिटं धरा. दारातून निघून दारात पोचेपर्यंत किती मिनिटं, यातच सगळं मोजायचं.

पॅरिसला जाणाऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट. शहराचे २० भाग आहेत, गोगलगायीच्या शंखासारखे मधून बाहेर गोल फिरत गेलेले, आणि पत्त्यातल्या पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या भागाचा नंबर. ७५००४ म्हणजे चौथा, अगदी मधला, ७५०१९ म्हणजे एकोणिसावा, कडेचा. आणि कोड ७५ ने सुरूच होत नसेल तर ते हॉटेल नावात कितीही पॅरिस लावो, शहराच्या हद्दीबाहेर आहे. बाहेर म्हणजे वाईटच असं नाही, पण बुक करण्याआधी तुम्हाला ते माहीत पाहिजे. लंडनमध्ये हेच काम झोन करतात, झोन १ मधला, मग २, ३ असं बाहेर बाहेर, आणि माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने झोन २ मधलं ट्यूब म्हणजे तिथल्या मेट्रोच्या स्टेशनला चिकटून असलेलं ठिकाण बघावं, झोन १ च्या मानाने खोली बरीचदा मोठी मिळते आणि मध्ये जायला दहा पंधरा मिनिटं.

मग येतं स्टेशन. मोठ्या शहरात तुम्ही खरं तर एरिया निवडत नाही, स्टेशन निवडता, आणि स्टेशनपेक्षाही लाइन निवडता. तुमच्या घोळक्याकडे न बदलता थेट जाणारी लाइन असेल तर पाच स्टेशनं लांब राहिलेलं परवडतं, आणि दोनदा बदलायला लागत असेल तर मॅपवर जवळ दिसणारी जागासुद्धा लांब पडते. टोकियोत यामानोते लाइन आहे, गोल फिरते, ३० स्टेशनं, पूर्ण फेरी साधारण तासाभरात, आणि शहरातले बरेच मोठे एरिया तिच्यावरच आहेत, म्हणून तिकडे गोंधळ झाला की सरळ यामानोतेवरचं एखादं स्टेशन पकडा. उएनो पकडलंत तर अजून एक फायदा, नारिता एअरपोर्टवरून थेट ट्रेन तिथे येते. न्यूयॉर्कच्या मधल्या बेटावर, मॅनहॅटनमध्ये, सबवेच्या म्हणजे तिथल्या मेट्रोच्या बहुतेक लाइनी उत्तर दक्षिण जातात, आडवं पूर्व पश्चिम जायला वेळ जास्त लागतो, त्यामुळे तिथे तुम्ही बेटाच्या कुठल्या बाजूला आहात हे किती खाली किंवा वर आहात यापेक्षा कधी कधी महत्त्वाचं ठरतं. आणि नदीपलीकडच्या क्वीन्समधलं किंवा ब्रुकलिनमधलं एखादं एक्सप्रेस ट्रेन थांबणारं स्टेशन हे मॅनहॅटनच्या टोकाच्या कोपऱ्यापेक्षा जवळ पडू शकतं.

आता यात एक बारीक गोष्ट आहे. दोन तीन लाइनी मिळतात असं स्टेशन चांगलं, पण शहरातलं सगळ्यात मोठं स्टेशन नको. टोकियोचं शिंजुकू घ्या, जगातलं सगळ्यात जास्त गर्दीचं स्टेशन म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे आणि बाहेर पडायचे रस्ते २०० च्या वर. हॉटेलवाले लिहितात शिंजुकूपासून पाच मिनिटं, ते खोटं नसतं, पण ते पाच मिनिटं एका ठराविक एक्झिटपासूनचे असतात. तुम्ही ट्रेनमधून उतरलात ते दुसऱ्या टोकाला, मग जमिनीखालचे बोगदे, जिने, माणसांचा लोंढा, आणि त्या पाच मिनिटांची वीस होतात. म्हणून अशा ठिकाणी हॉटेलला आधीच विचारायचं की कुठला एक्झिट, त्याचा नंबर किंवा नाव काय आणि त्याला लिफ्ट आहे का. त्याच्या एक स्टेशन अलीकडे पलीकडे, दोन लाइनी येतात आणि चार पाचच दरवाजे आहेत असं स्टेशन मिळालं तर मी तेच घेईन.

रात्रीची परीक्षा घ्यायची पद्धत सांगते. मॅपमध्ये रूट टाकताना बहुतेक लोक आत्ताची वेळ तशीच ठेवतात. तसं नका करू. निघायची वेळ रात्री साडेअकरा टाका, वार शनिवार किंवा रविवार टाका, आणि जिथे संध्याकाळी असाल तिथून त्या हॉटेलचा रस्ता मागा. मग खरं चित्र दिसतं. टोकियोत मध्यरात्रीनंतर थोड्या वेळात ट्रेन बंद होतात आणि पहाटे पाचच्या आसपास परत सुरू होतात, मधल्या वेळात टॅक्सी, आणि ती महाग. बँकॉकच्या स्कायट्रेन, म्हणजे खांबांवरून जाणारी मेट्रो, साधारण मध्यरात्रीपर्यंतच. लंडनमध्ये शुक्रवारी आणि शनिवारी रात्रभर ट्यूब चालते पण पाचच लाइनींवर, व्हिक्टोरिया, सेंट्रल, ज्युबिली, नॉर्दर्न आणि पिकॅडिली, त्यातल्याही काही पूर्ण लांबीभर नाहीत, म्हणून नाटक बघायला जाणार असाल तर यातल्या लाइनीवर राहिलेलं फार सोयीचं. न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास आहे हे खरं पण रात्री आणि वीकेंडला कामं चालू असतात, एक्सप्रेस ट्रेन लोकल होते, दुसऱ्याच रस्त्याने वळवतात. साडेअकराचा रूट पंचेचाळीस मिनिटांच्या वर जात असेल किंवा त्यात दोन बस असतील तर मी तो एरिया सोडते, भाडं कितीही कमी असो.

यानंतरचं काम लोक करतच नाहीत आणि तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्टेशनच्या एक्झिटपासून हॉटेलच्या दारापर्यंत स्ट्रीट व्ह्यूवर चालून बघा, खरंच एकेक पाऊल क्लिक करत. एक्झिट कुठे उघडतो, मोठ्या रस्त्यावर की पुलाखाली. समोर सिग्नल आहे का नुसताच सहा पदरी रस्ता आणि पलीकडे जायला पादचारी पूल. फूटपाथ आहे का आणि त्यावर ट्रॉली बॅग ओढता येईल का, का दगडी फरशी आहे. दिव्याचे खांब किती अंतरावर आहेत. तळमजल्याला काय आहे हे नीट बघा, दुकानं, औषधाचं दुकान, खायच्या जागा, लोक राहतात अशी घरं असतील तर रात्री वर्दळ आणि उजेड असतो. नुसत्या भिंती, गोदामं, पार्किंग, ऑफिसचे बंद शटर असतील तर दिवसा तो रस्ता कितीही छान दिसला तरी रात्री सुना पडतो. फोटो कधी काढलाय तो महिना वर्ष पण तिथेच लिहिलेलं असतं, फार जुना असेल तर त्याच्यावर अवलंबून राहू नका. दहा मिनिटं लागतात या सगळ्याला.

मॅपवर चढ दिसत नाही, ही पण एक गोष्ट. लिस्बनमधल्या अल्फामासारख्या जुन्या भागात ४०० मीटर म्हणजे सगळे चढ आणि पायऱ्या, गल्लीत गाडी येत नाही, आणि बॅगा घेऊन ते चढायचं. चालण्याचा रूट टाकला की काही मॅप उंचीचा आलेखही दाखवतात, तो बघा. पाण्याचं पण तसंच. इस्तंबूल दोन खंडांत आहे, मधे बॉस्फरसची सामुद्रधुनी, आशियाच्या बाजूला कादिकोयला राहिलात तर एरिया मस्त, राहत्या लोकांचा, आणि फेरीने पलीकडे जायला वीस पंचवीस मिनिटं, तो प्रवासच सुंदर आहे. २०१३ पासून समुद्राखालून मारमराय ट्रेनसुद्धा आहे. पण जुन्या शहरातल्या मशिदी आणि राजवाडाच बघायला दोन दिवस आला असाल तर रोज पाणी ओलांडण्यात अर्थ नाही, आठवडाभर असाल तर जरूर रहा तिकडे.

एअरपोर्टचं बघताना आधी कुठला एअरपोर्ट ते तिकिटावर वाचा. टोकियोचं हानेदा शहराला लागून, नारिता ६० किमीच्या आसपास. पॅरिसच्या नावाने विकलं जाणारं बोव्हे तर ८० किमीच्या वर. इस्तंबूलमध्ये एक एअरपोर्ट युरोपच्या बाजूला आणि साबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला, म्हणजे त्यावरूनही कादिकोय की जुनं शहर हे ठरू शकतं. पण एअरपोर्टच्या जवळ रहायचं म्हणून एरिया निवडू नका, एअरपोर्ट दोनदाच लागतो. फक्त रात्री अकरानंतर उतरत असाल किंवा पहाटेचं विमान असेल तर ती एकच रात्र तिकडे काढा, बाकीच्या रात्री शहरात.

एरिया साधारण कुठल्या जातीचे असतात ते थोडक्यात. जुना पर्यटकांचा मध्यभाग, चालत सगळं होतं, महाग, खोल्या लहान, लिफ्ट बऱ्याचदा नाही, आणि रात्री खिडकीखाली लोकांचा आवाज. दोन तीन दिवसांसाठी येत असाल तर पैसे जास्त देऊन इथेच रहा असं मी सांगेन, रोमसारख्या शहरात तर नक्कीच, कारण तिथे मेट्रोच्या लाइनी तीनच आहेत आणि जुन्या भागात बहुतेक सगळं पायीच होतं. मग ऑफिसांचा एरिया, लंडनमधलं सिटी किंवा पॅरिसच्या बाहेरचं ला देफांस, इथे वीकेंडला मोठी हॉटेलं स्वस्त मिळतात पण रविवारी खायला काय उघडं असेल ते आधी बघून ठेवा. मोठ्या रेल्वे स्टेशनच्या आजूबाजूचा भाग, पहाटेची गाडी असेल तर सोयीचा, पण त्याच स्टेशनची एक बाजू चांगली आणि दुसरी नको वाटावी अशी असते, त्यामुळे कुठली बाजू हे विचारल्याशिवाय घेऊ नये. नाइटलाइफचा एरिया ज्यांना तेच हवंय त्यांच्यासाठी, बाकीच्यांनी त्याच्यापासून दहा मिनिटं चालत अंतरावर घ्या म्हणजे जाता येतं आणि झोपही मिळते.

आणि शेवटचा, माझ्या आवडीचा, राहत्या लोकांचा एरिया, मध्यापासून दोन चार स्टेशनं बाहेर. सकाळी शाळेत जाणारी मुलं दिसतात, किराण्याचं दुकान असतं, बाग असते, खायच्या जागा तिथल्याच लोकांसाठी असतात म्हणून भावही वाजवी. चार दिवसांपेक्षा जास्त रहाणार असाल तर यासारखं काही नाही. अट एकच, स्टेशन सात आठ मिनिटांत पाहिजे. दुबईसारख्या शहरात तर ही अट अजून कडक करा, शहर समुद्राकाठाने लांबच लांब पसरलंय, मेट्रो चांगली आहे पण उन्हाळ्यात ४० डिग्रीच्या वर तापमानात स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालणं म्हणजे शिक्षाच. बँकॉकलाही तेच, रस्त्यावरचं ट्रॅफिक इतकं असतं की स्कायट्रेन नाहीतर मेट्रोपासून लांब राहिलात की वेळेचा हिशोबच करता येत नाही. तिथला खाओ सान रोड बॅकपॅकवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे पण तिथे जवळ स्कायट्रेन नाही, बोट किंवा बस किंवा टॅक्सी, हे माहीत असून घेतलं तर हरकत नाही.

पैशाचा हिशोब करताना वेळ धरा. समजा लांबच्या हॉटेलला जायला मधल्यापेक्षा एका बाजूने ३५ मिनिटं जास्त लागतात. रोजची ७० मिनिटं, पाच दिवसांची ३५० मिनिटं, म्हणजे जवळजवळ सहा तास. उजेडातला अर्धा दिवस गेला, आणि दुपारी खोलीवर येऊन तासभर पडावं म्हटलं तर तेही होत नाही. त्यात रोजचं तिकीट गुणिले माणसं गुणिले दिवस, आणि एखाद्या रात्रीची टॅक्सी मिळवा, मग दोन्ही हॉटेलांच्या भाड्यातला फरक त्याच्या शेजारी लिहा. एकटा माणूस असेल तर लांबचं बरेचदा परवडतं, चौघं असतील तर तिकिटंच इतकी होतात की मधलं महाग वाटणारं हॉटेल स्वस्त पडू शकतं.

सोबत कोण आहे त्यावर बरंच बदलतं. गुडघे दुखणारं कोणी असेल तर जुन्या मेट्रोवर भरवसा ठेवू नका, पॅरिसच्या मेट्रोत १४ नंबरच्या लाइनवर सगळीकडे लिफ्ट आहे, बाकी बहुतेक ठिकाणी जिनेच, तिकडे बसच्या मार्गावर राहिलेलं बरं. लंडनमध्ये पायऱ्या नसलेली स्टेशनं दाखवणारा वेगळा नकाशा मिळतो, आधी तो बघून मग एरिया. लहान मुलं असतील तर बाग आणि कपडे धुवायची सोय. बाई एकटी असेल तर मोठ्या रस्त्यावरचं, चोवीस तास रिसेप्शन असलेलं, स्टेशनपासून एका वळणात येणारं ठिकाण घ्या, आतल्या गल्लीतलं सुंदर अपार्टमेंट नको, आणि पोचायची वेळ शक्यतो उजेडातली ठेवा. यात भीती घालायचा हेतू नाही, निश्चिंत राहता आलं की शहर जास्त बघून होतं.

अपार्टमेंट घेणार असाल तर दोन गोष्टी. एअरबीएनबीवर बऱ्याचदा बुक होईपर्यंत नेमका पत्ता दाखवत नाहीत, नुसता गोल दाखवतात, आणि त्या गोलाच्या एका कडेला स्टेशन आणि दुसऱ्या कडेला हायवे असू शकतो, म्हणून होस्टला मेसेज करून जवळचं स्टेशन आणि चालायची मिनिटं विचारून घ्या. दुसरं म्हणजे नियम. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमानाची नोंदणी लागते, तो स्वतः त्याच घरात रहात असला पाहिजे आणि पाहुणे दोनच, त्यामुळे अख्खा फ्लॅट स्वस्तात दाखवणाऱ्या जाहिरातीपासून लांब रहा. बार्सिलोनानेही २०२८ पर्यंत पर्यटकांना दिले जाणारे फ्लॅट बंद करायचं जाहीर केलंय.

रिव्ह्यू वाचताना खोलीचे सोडा, एरियाचे शोधा. रिव्ह्यूच्या सर्चमध्ये आवाज, जिना, रात्री, चालत, स्टेशन असले शब्द टाका, इंग्रजीतूनही आणि तिथल्या भाषेतूनही, आणि सगळ्यात नवे आधी लावा. एखाद्याने आवाज फार असं लिहिलं तर काही नाही, पण चार जणांनी शुक्रवार शनिवार रात्रीबद्दल लिहिलं असेल तर ते खरं धरायचं आणि आतल्या बाजूची खोली मागायची. कार घेऊन आलेल्यांचं लोकेशन मस्त आणि चालत फिरणाऱ्याचं लोकेशन मस्त यात फार फरक असतो, म्हणून कोण लिहितंय तेही बघा.

सात आठ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम असेल आणि मॅपवर खरंच दोन वेगळे घोळके दिसत असतील तर मुक्काम दोन ठिकाणी तोडायला हरकत नाही, आधी मधला भाग आणि मग राहत्या लोकांचा, त्याच क्रमाने, कारण पहिल्या दोन दिवसांत शहराचा अंदाज येतो आणि मग बाहेर राहणं सोपं जातं. त्याहून कमी दिवस असतील तर नको, सामान बांधण्यात आणि चेकइनची वाट बघण्यात अर्धा दिवस जातो.

आणि बुक करताना फुकट कॅन्सल होणारं घ्या, थोडं जास्त पडलं तरी. कारण निघायच्या आठवडाभर आधी तुम्हाला परत एकदा बघायचंय की तुमची लाइन त्या दिवसांत दुरुस्तीसाठी बंद तर नाही आणि समोर नवीन बांधकाम तर सुरू झालेलं नाही. लाइन बंद असल्याची सूचना शहराच्या ट्रान्सपोर्टच्या वेबसाइटवर तारखेसकट असते, बांधकामाचं ताज्या रिव्ह्यूमध्ये कोणीतरी लिहिलेलंच असतं. काही निघालंच तर तेवढ्यात त्याच लाइनीवरचं दुसरं स्टेशन बघून बदलून टाकता येतं.